परतीच्या नळीची पूजा

“म्हंजे तुमची भट्टी मी विझवली?”

“विझली न्हाई, ट्रिप झाली. शब्द तरी नीट वापर.”

“बरं, ट्रिप झाली. कुनामुळं झाली?”

“झालं गेलं. आता त्येच त्येच कशाला काढती?”

“मी न्हाई काढलं. धनश्रीच्या डोहाळजेवनात गावच्या बायांनी काढलं.”

चांगुणा झावरे अजून उंबऱ्यातच उभी होती. ओटीत मिळालेला नारळ, ब्लाऊजपीस आणि गहू पदरात तसेच होते. तिचा नवरा मच्छिंद्र पलंगावर बसून टीव्हीच्या रिमोटचं पाठचं झाकण काढून आतले सेल फिरवून बघत होता. टीव्ही उत्तम चालू होता. भांडण सुरू असताना नवरा दुरुस्तीचं काम काढून बसला की चूक त्याचीच असते, हे चांगुणाला पक्कं ठाऊक होतं.

“तुमी सायबाला काय सांगितलं?”

“जे झालं ते सांगितलं.”

“काय झालं?”

मच्छिंद्रने सेल काढले, शर्टाला पुसले आणि परत बसवले.

डोहाळजेवणात झालं होतं ते असं. दुपारी धनश्रीला ओवाळायची वेळ आली. गावात बारसं असो, लग्न असो की नवा ट्रॅक्टर, पहिलं ताट चांगुणाच्या हातात द्यायचं हे ठरून गेलेलं होतं. नवरा परमुलखात असताना जिने घर, शेत आणि पोरगा तिन्ही ताळ्यावर ठेवले, तिच्या हाताला गुण आहे असं म्हाताऱ्या म्हणायच्या, आणि चांगुणाही ते कधी नाकारायची नाही. आज तिने ताट उचललं तशी शेजारची रेश्मा म्हणाली, “काकी, जरा लांबूनच वो. आत शिलेंडर हाय.” बाया खो खो हसल्या. हसता हसता कुणीतरी चांगुणाच्या हातातलं ताट घेतलं आणि धनश्रीच्या मावशीकडे दिलं. चांगुणा भिंतीला टेकून बसून राहिली आणि तिला सगळ्यांच्या शेवटी बोलावलं.

परत येताना रेश्माच मागून धापा टाकत आली. “मस्करी केली वो, मनाला लावून घिऊ नका. पन आमच्या ह्यांनी सांगितलं म्हनून तोंडातनं गेलं.” तिचा नवरा सहादेव मच्छिंद्रच्याच कंपनीत लोडर चालवतो. त्याने आपल्या कानांनी ऐकलं होतं. नाना, म्हणजे मच्छिंद्रच, साहेबांना म्हणाले होते, की बायांना मी गेटापाशीच पूजा करा म्हणून सांगितलं होतं, पण आमची मंडळी कुणाचं ऐकत नाही. धुपाटणं घेऊन ती थेट आत शिरली.

“आमची मंडळी कुनाचं ऐकत न्हाई,” चांगुणाने ते शब्द आता नवऱ्यापुढे जसेच्या तसे ठेवले. “आख्खा जलम ऐकत आले, त्याचं ह्ये.”

“आवाज कमी कर. निकिता वह्या तपासती हाय.”

निकिता म्हणजे सून. सुप्याच्या इंग्रजी शाळेत शिकवते. आतल्या खोलीत ती लाल पेन उघडं धरून बसली होती आणि बऱ्याच वेळात तिने एकही वही उलटली नव्हती.

मच्छिंद्र झावरेची हकिगत सांगायची तर भट्टीपासून सुरुवात करावी लागते, कारण तो स्वतः ती तिथूनच सांगतो. जन्म, शाळा, लग्न या गोष्टी त्याच्या सांगण्यात भट्टीआधीची किरकोळ तयारी म्हणून दोन वाक्यांत उरकतात. मिसरूड फुटायच्या वयात तो मावसभावाच्या ओळखीने छत्तीसगडच्या एका पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागला. आधी राख झाडली, मग लोखंड वाहून नेणारे वाळूचे पाट बांधले, मग भट्टीचं तोंड फोडणाऱ्या टोळीत गेला. डावी भुवई अर्धी जळाली ती तिथेच. हातांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी उमटली. पावसाळ्यात दुखणाऱ्या त्या ठिपक्यांचा त्याला एवढा अभिमान, की तो शर्टाच्या बाह्या कधी खाली सोडत नाही.

चांगुणा लग्नानंतर काही महिने तिथे राहिली. एका खोलीचं क्वार्टर, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर रोज लाल धूळ, आणि नवरा कधी रात्रपाळीला तर कधी झोपलेला. मग सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती गावी आली ती आलीच. सासू गेली, पोरगा झाला, विहीर खोदली, बाजरीच्या जागी कांदा आला, घोडेगावच्या बाजारातून दोन गाई आल्या. दर मोठ्या निर्णयाआधी ती पारनेर रस्त्यावरच्या एसटीडीवरून त्याला विचारायची. पुढ्यात मीटर पळत असायचा. तो म्हणायचा, “बघ तुला काय वाटतं ते,” आणि फोन ठेवून द्यायचा. पंचक्रोशीतल्या कुठल्याच बाईला नवऱ्याने एवढं स्वातंत्र्य दिलेलं नव्हतं. दिवाळीला तो पंधरा दिवस यायचा. त्याच्यासाठी अनारसे व्हायचे, त्याचं कौतुक व्हायचं, आणि तो रेल्वेत बसला की घर पुन्हा आपल्या चालीने चालू लागायचं.

मग सुप्याच्या एमआयडीसीत पुण्याच्या एका कंपनीने प्रयोगाची भट्टी उभी केली. शेजारी ऑक्सिजन बनवणारा कारखाना होता, म्हणून ही जागा. पुण्याची शिकलेली पोरं यंत्राच्या खोलीत बसली, पण धगधगत्या लोखंडापुढे उभं राहायला मुरलेला माणूस हवा होता. मच्छिंद्रने छत्तीसगडची नोकरी सोडली आणि कायमचा घरी आला. वेशीत त्याला हार घातले. चांगुणालाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. तो आनंद संक्रांतीपर्यंत टिकला.

कारण मच्छिंद्रने घराचा चार्ज घेतला. रोज सकाळी तो ज्ञानेश्वरकडून, म्हणजे मुलाकडून, दूध संकलन केंद्राचा रिपोर्ट मागू लागला. किती लिटर, फॅट किती, कमी का. संध्याकाळी सातला तो स्वयंपाकघरात शिरून गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा; कुकरच्या शिट्ट्या बाकी असल्या तरी. कणीक कशी मळावी याबद्दल त्याची मतं होती. आणि त्याला परतीच्या वायूचं वेड लागलं होतं.

ते वेड त्याने सगळ्या घराला समजावून सांगितलं होतं, परसदारच्या अंघोळीच्या पाण्याच्या चुलीपुढे उकिडवं बसून. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचत होती.

“ही निळी ज्योत बघा. हा कोळशाचा वायू. लई इषारी, पन लई गुनी. खनिजात लोखंड असतंच, पन त्याला ऑक्सिजन चिकाटल्याला असतो. हा वायू तो ऑक्सिजन वढून घेतो आन लोखंड मोकळं करतो. आता सादी भट्टी हवा खाती. हवेचं पाच वाटं केलं तर चार वाटं निव्वळ नायट्रोजन. काम काय करतो? काय न्हाई. आत येतो, तापतो, बाहेर जातो.”

“दिवाळीच्या पाव्हन्यावानी,” चांगुणा म्हणाली.

“बरोबर,” मच्छिंद्र म्हणाला. आपली बायको विषयात शिरते आहे याचंच त्याला कौतुक. “आपल्या भट्टीला हवाच न्हाई. नुसता ऑक्सिजन. वरनं जो वायू निघतो त्यात अजून निम्मा दम शिल्लक असतो. सादी भट्टीवाले त्यो जाळून टाकत्यात. आपुन त्यो धुतो, त्यातला कार्बन डायऑक्साईड काढून घेतो, उरल्याला तापवतो, आन खालनं परत आत. म्हंजे कोक कमी, धूर कमी. वाया जातंय ते परत आत घाला. एवढंच हाय शास्त्र.”

हे शास्त्र मग घरात लागू झालं. अंघोळीचं पाणी कढीपत्त्याला, कढीपत्त्याखालचं वाहून आलेलं पाणी परत बादलीत. सोमवारची डाळ मंगळवारी चकोल्यांत, बुधवारी थालीपिठात. गुरुवारी त्या थालीपिठाचा कुस्करा फोडणी घालून समोर आला तेव्हा निकिता म्हणाली, “नाना, ह्यातला कार्बन डायऑक्साईड काढायचा राहिलाय वाटतं.” सगळे हसले. मच्छिंद्रही हसला आणि त्याने कुस्करा आणखी घेतला. त्याच्या गोष्टींचंही तसंच होतं. छत्तीसगडच्या त्याच गोष्टी वरून बाहेर पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी खालून परत आत यायच्या, फक्त मधे त्या धुवायचं यंत्र कुणी बसवलेलं नव्हतं.

तर खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. भट्टीच्या आवारात वायूची भीती म्हणून आगकाडीही नेता येत नाही, त्यामुळे दरवर्षी गेटाबाहेर टेबल मांडायचं, त्यावर नट आवळायचे पाने, पहारी, लोखंडाचा नमुना काढायची लांब पळी ठेवायची, आणि कामगारांच्या बायकांनी तिथेच ओवाळायचं. हा नियम मच्छिंद्रनेच नवीन पोरांना शिकवला होता. कुणी विडी खिशात ठेवून आत आला तर तो त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचा.

पण यंदा पाहुणे येणार होते. ओडिशात याच पद्धतीची खरीखुरी मोठी भट्टी उभी राहत होती आणि तिथली माणसं प्रयोग बघायला येणार होती. मच्छिंद्रला वाटलं, पाने-पहारींची पूजा कुणीही करतं. इथे वेगळं काय आहे? परतीची नळी. वायू तापवून भट्टीत पुन्हा नेणारी, चंदेरी रंगाची, माणसाच्या मिठीत न मावणारी नळी. पाहुण्यांनी बघितलं पाहिजे की आमच्या इथे बाया तिची पूजा करतात. त्याने झेंडूचे हार पारनेरहून मागवले, स्वतः शिडीवर चढून नळीला घातले, आणि ओवाळायला आलेल्या पाचही बायांना गेटातून आत घेतलं. तो त्या दिवशी इन्चार्ज होता. वॉचमनने सलाम ठोकला.

चांगुणाच्या हातात धुपाटणं होतं. घरच्या चुलीतले निखारे, वर ऊद. नळीखाली खांबावर एक पेटी होती, तिच्यावर लाल दिवा. पलीकडच्या खांबावर आणखी एक. चांगुणाने विचारलं, “ह्या पेट्या कसल्या? इथं धुपाटनं चालंल का?”

“मी हाय ना,” मच्छिंद्र म्हणाला. “जरा अशी सरक. हितं उभी ऱ्हा, म्हंजे फोटोत नळी येईल.”

त्या पेट्या वायू हुंगायच्या. भट्टीचा वायू कुठे गळला तर माणसाच्या आधी त्यांना कळावं म्हणून. वारा पडलेला होता. नळीखाली उदाचा धूर कोंडला आणि धुराबरोबर निखाऱ्यांचा तोच वायू, ज्याची ओळख मच्छिंद्रने घरच्यांना चुलीपुढे करून दिली होती. पेटीला भक्तिभाव कळत नाही. भट्टीतून गळलेला वायू आणि चांगुणाच्या धुपाटण्यातला वायू तिला सारखाच. आरतीचं दुसरं कडवं चालू असताना दोन्ही पेट्या एकदम बोंबलल्या.

पुढचं यंत्राने आपल्या बुद्धीने केलं. वायू गळतो आहे असं समजून त्याने परतीची नळी बंद केली. परतीचा वायू थांबला आणि नुसता ऑक्सिजन आत जात राहिला तर तोंडाशी एवढी आग होते की वायू आत सोडणारी तांब्याची नळकांडी वितळतात, म्हणून त्याने ऑक्सिजनही बंद केला. अहोरात्र घुमणारी भट्टी गप्प झाली. अशी ती फार वेळ गप्प राहिली तर पोटातलं लोखंड गोठतं आणि मग तिला फोडूनच काढावी लागते. ओडिशाचे पाहुणे गेटाकडे पळाले, त्यांच्या मागे पुण्याचे साहेब, त्यांच्या मागे बाया. चांगुणा सर्वांत शेवटी, कारण तिने धुपाटणं टाकलं नाही. पेटता विस्तव असा कुठेही टाकत नाहीत.

मच्छिंद्र पळाला नाही. संध्याकाळपर्यंत तो आणि त्याची टोळी भट्टीशी झटत राहिली आणि अंधार पडायच्या आत ती पुन्हा घुमू लागली. एक नळकांडं जळालं, बाकी सगळं वाचलं. घरी आला तेव्हा त्याचं तोंड काळं झालं होतं आणि पाहुण्यांसाठी केलेलं श्रीखंड त्याने वाटीभरही खाल्लं नाही. चांगुणाला त्याची दया आली. तिने पाणी तापवून दिलं, पाठ चोळून दिली. ते तोंड घेऊन घरी येण्याआधी त्याने साहेबांपुढे तिचं नाव पुढे केलेलं होतं, हे तिला डोहाळजेवणापर्यंत माहीत नव्हतं.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अर्णव साहेब घरी आले. पुण्याचे, तिशीच्या आतले, भट्टीचे प्रमुख. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. ओसरीवरच्या खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, “काकू, उद्या आमच्या हेड ऑफिसच्या नीलांबरी मॅडम येणार आहेत. सेफ्टीचं त्या बघतात. त्यांना तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय, घरीच येतील. घाबरायचं काही कारण नाही.”

“मी कशाला घाबरू?”

“तेच म्हणतो. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की तुम्हाला आतल्या नियमांची कल्पना नव्हती आणि तुम्ही चुकून आत आलात. तुम्ही काही कंपनीच्या नोकर नाही. तुमच्यावर काही कारवाई होऊच शकत नाही.”

“आन दुसरं काय सांगितलं तर?”

अर्णव साहेबांनी पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळला. “मग नानांचं अवघड होईल. ओडिशासाठी त्यांचं नाव गेलंय. दोन वर्षांसाठी, क्वार्टरसकट. इन्चार्जने स्वतःच विस्तव आत नेला असं निघालं तर ते नाव कापलं जाईल, आणि इथेही त्यांना ठेवता येणार नाही. त्यांच्यासारखा माणूस मिळणार नाही हो काकू. तुमचं काय जातंय यात?”

“माझं काय जातंय,” चांगुणा म्हणाली. हा प्रश्न आहे की उत्तर, ते साहेबांना कळलं नाही. ते चहा घेऊन गेले.

साहेब गेल्यावर तासाभराने ज्ञानेश्वर डेअरीतून आला, कधी नव्हे ते गोठ्यात तिच्या हाताखाली वैरण टाकू लागला. “आई, नानांचं आयुष्य गेलं भट्टीत,” तो म्हणाला. “मोठी भट्टी चालवायची त्यांची विच्छा हाय. आपुन मोडता घालू नये.”

“आपुन म्हंजे मी.”

“गाव तुजं नाव काढंल.”

“काढलंच हाय की.”

“दोन वर्सांचा तर प्रश्न हाय. दिवाळीला येतील ना पंधरा दिवस.” ‘पंधरा दिवस’ म्हणताना पोराच्या तोंडावर जो उजेड पडला, तो त्याच्या आईने नीट पाहिला. बापाला रिपोर्ट न देता फॅट कमी लागण्याचं सुख त्याला दिसत होतं.

मग निकिता आली, भाजी निवडायच्या निमित्ताने. तिचं बोलणं जास्त शिकलेलं. “आत्या, मला वाटतं या वयात माणसाला त्याच्या कामाचं समाधान मिळालं पाहिजे. नानांना घरात कोंडून ठेवणं बरोबर नाही.”

“रेग्युलेटरचं बोलती का?”

निकिता मेथीची काडी मोडता मोडता थांबली आणि हसू दाबत म्हणाली, “त्याचंही बोलते.”

चांगुणाने कुणालाच रागावलं नाही, कारण तिघांत सर्वांत जास्त लोभ तिलाच सुटला होता. ओडिशाचं नाव निघाल्यापासून तिला संध्याकाळी सातनंतर पेटता राहिलेला गॅस दिसत होता. ओसरीवर आपण एकटी बसलो आहोत, डाळ झाली तेवढी संपली आहे, कांद्याचा भाव बघून विकायचा की ठेवायचा हे आपणच ठरवतो आहोत. त्यासाठी करायचं काय, तर एका परक्या बाईपुढे एवढंच म्हणायचं, की मला कळलं नाही. आणि वर सगळं गाव म्हणणार, नवऱ्यासाठी काय केलं बाईने. असा स्वस्त सौदा दारात चालून आलेला तिने कधी पाहिला नव्हता. फक्त धनश्रीच्या मावशीच्या हातात गेलेलं ताट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ‘हिला कळत नाही’ असं एकदा तिच्याच तोंडून गावाने ऐकलं, की ते ताट परत येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, नातवाच्या बारशालाही नाही.

उन्हं कलल्यावर ती कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला गेली. थोड्या वेळाने मच्छिंद्र बांधावर येऊन उभा राहिला. वाफ्यात पाणी जास्त झालं होतं आणि तो काही बोलला नाही, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे तिला कळलं.

“चांगुने, मी तुज्यावर का ढकाललं, म्हायती हाय?”

“सांगा.”

“तुला कुनी कामावरनं काढू शकत न्हाई म्हनून.”

चांगुणाने खोरं मातीत रोवलं. “मला कामावर घेतलंय कुनी?”

 मच्छिंद्रने खाली वाकून बांधावरचं गवत उपटलं. “सायबांनी इचारलं तवा भट्टी गप पडल्याली. मला दुसरं कायबी दिसत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो.”

“आन आता दिसतंय का?”

“आता ओरिसा दिसतंय.” तो हे अगदी खरं बोलला, आणि म्हणून तिला त्याच्याकडे बघावं लागलं. अर्धी भुवई, गुडघ्यांवर चढवलेली पँट, बाह्या दुमडलेल्या. “आपली इथली भट्टी म्हंजे खेळनं. ती मोठी हाय. परतीच्या वायूवर एवढी मोठी चाललेली मी बघितली न्हाई, आपल्या देशात कुनी बघितली नसंल. त्या तोंडाशी उभं ऱ्हायचं एकदा. मंग झालं माजं.”

“आन मी मॅडमला काय म्हनायचं?”

“की तुला कळलं न्हाई.”

“मला कळलं हुतं. मी पेटीचं इचारलं हुतं तुमाला.”

“तेवढंच तर सांगू नको,” मच्छिंद्र म्हणाला.

एवढं बोलूनही त्याने माफी मागितली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. त्याला मागायची असावी. ती कुठून सुरू करतात ते त्याला माहीत नव्हतं. पाणी वाफा भरून पुढच्यात गेलं. मच्छिंद्रने न सांगता दारं मोडून पाणी पुढे वळवलं, आणि दोघं बांधावरून एकामागे एक घरी आली.

रात्री पिठलं-भाकरी होती. सातला मच्छिंद्रने रेग्युलेटरला हात लावला नाही. ज्ञानेश्वर आणि निकिता जरा जास्तच गोड बोलत होते. निकिताने नानांना लोणचं वाढलं, ज्ञानेश्वरने छत्तीसगडच्या पुराची गोष्ट आपणहून काढली. चांगुणा तव्यावरची शेवटची भाकरी उतरवून गॅसपासून वळली आणि सगळ्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

“उद्या मॅडम आल्या की मी हाय तसं सांगनार हाय. ह्यांनी आत घेतलं, हितं उभी ऱ्हा म्हनले, मी पेटीचं इचारलं, ह्ये म्हनले मी हाय ना. एवढंच. कमी न्हाई, जास्ती न्हाई.”

मच्छिंद्रचा घास हातातच राहिला. ज्ञानेश्वरने निकिताकडे बघितलं, मग आईकडे.

“आई, मंग नानांचं ओरिसा?”

“गेलं. इथलंबी जाईल बहुतेक. मंग ह्ये घरीच ऱ्हातील, सकाळपास्नं रातपर्यंत.” तिने मच्छिंद्रच्या ताटात ती भाकरी वाढली आणि मुला-सुनेकडे वळली. “माजं मी बघून घेतलंय. तुमी दोगं आपलं बघा.”